अंबाड्याचे दोन इंच

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते, कारण असल्या लेखांत ती गोष्ट नेहमी शेवटी, हळूच, कुणाला न दुखावता सांगतात. अन्याय रूबेन कोर्लेकर यांच्यावर झाला. दोन वर्षांपूर्वी, २०१०च्या जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, इथे कॅनडात, स्कारबरोतल्या आमच्या टाउनहाऊसच्या रांगेत, त्यांच्या स्वतःच्या ड्राइव्हवेवर. करणारं आमच्या कॉम्प्लेक्सचं बोर्ड, म्हणजे रहिवाशांनी निवडून दिलेली पाच माणसं. यांना कुणी निवडून दिलं असं विचारलं तर एकही रहिवासी हात वर करत नाही. आणि बोर्डाला एक साथीदार होता... त्याचं नाव पुढे येईल. ते लिहायला मला थोडा वेळ लागणार आहे.

रूबेनकाका गेले ते यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी पहाटे. एस्थरकाकूंचा फोन आला तेव्हा मी एटोबिकोतल्या एका इमारतीच्या लॉबीत भाडेकरूंना पत्रकं वाटत होते. "काका गेले गो," काकू म्हणाल्या. "झोपेतच. आणि गाडीवरचं कव्हर त्यांनी कालच काढलंय. पाऊस येतोय का बघ जरा." मला रडायचं होतं, पण मी आधी काचेबाहेर आभाळाकडे बघितलं. त्या घराशी संबंध असलेल्या प्रत्येकाला ही सवय लागलेली आहे. आधी गाडी, मग बाकीचं.

कोर्लेकर आमचे शेजारी. आमची नि त्यांची भिंत एकच. माझे आईबाबा नागपूरचे, आणि कोर्लेकर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. काका पेणच्या बसडेपोत फिटर होते, तिथून तरुणपणी इकडे आले आणि पुढची तीस वर्षं इथल्या बसच्या पोटाखाली झोपून काढली. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' असं नाव दिलं. ही माहिती मी शोभेसाठी देत नाहीये. पुढचा सगळा घोळ त्या एका वारामुळे झालेला आहे.

रिटायर झाल्यावर माणसं देवळात जातात, फ्लोरिडाला जातात, निदान बेसमेंट तरी आवरतात. काकांनी २००७च्या हिवाळ्यात एका शेतकऱ्याच्या कोठारामागून एकोणीसशे बावन्न सालची पिकअप उचलून आणली. मागच्या हौद्यातून झाड उगवलेलं होतं. टो ट्रकवाल्याने ते झाड गाडीचाच भाग समजून तसंच आणलं. आमची अख्खी रांग बर्फ शोव्हल करायची थांबून बघत राहिली. काकूंनी दार उघडलं, गाडी बघितली, झाड बघितलं, आणि म्हणाल्या, "पाणी कोण घालणार याला?"

काकांना तिची हॉट रॉड करायची होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: जुनी गाडी घ्यायची, तिचं छप्पर कापून तिला बुटकी करायची, खाली जमिनीलगत बसवायची, पोटात तिला न झेपणारं दांडगं इंजिन घालायचं आणि नाकाडापासून दारांपर्यंत ज्वाळा रंगवायच्या. गंभीर माणसांनी करायचं हे काम नव्हे, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. काका तेव्हा गाडीखाली होते. फक्त बूट दिसत होते. बूट म्हणाले, "अगो, आमचा नबी एलियाहू आगीच्या रथातून वर गेला. अलिबागजवळ खडकावर त्याच्या चाकांचे ठसे आहेत, लहानपणी मी त्यांत हात घालून बघितलाय. आमच्यात हे पहिल्यापासून आहे."  ते वाक्य मी वहीत लिहून घेतलं, पण कुठल्याच पत्रकात बसेना.

आता फ्रीझर. गॅरेजच्या मागच्या भिंतीला काकूंचा आडवा डीप फ्रीझर होता, त्यात सुरमई, पापलेट, खवलं असलेला प्रत्येक मासा. गाडी पूर्ण आत घ्यायची तर फ्रीझर हलवायला हवा होता. काकू म्हणाल्या, "फ्रीझर हलणार नाही." काकांनी आयुष्यात मोठमोठी इंजिनं उचलली, पण त्या वाक्याला जॅक लावायची त्यांची छाती झाली नाही. परिणामी गाडीचं शेपूट दीड फूट बाहेर राहिलं, गॅरेजचं दार लागेना, आणि एका माणसाचा खाजगी छंद चौऱ्याऐंशी घरांचा सार्वजनिक प्रश्न झाला. वर काकांची शिस्त अशी, की शुक्रवारी दिवस मावळायच्या आत काम थांबायचं. जिथे असेल तिथे. पान्हे पुसून ओळीने ठेवायचे, कोपरापर्यंत हात घासायचे, आणि मग शनिवारभर तेलाला, लोखंडाला, किल्लीला हात नाही. त्यामुळे आठवड्यातला जो एकच दिवस सगळी रांग घरी असते, त्या दिवशी गाडी कायम मोडलेली दिसायची. चाकं काढलेली, लोखंडी घोड्यांवर चढवलेली, बॉनेट उघडं, आणि मालक स्वच्छ पांढरा सदरा घालून पायरीवर चहा पीत बसलेला. लोकांना वाटायचं हा माणूस काहीच करत नाही. तो बाकीचे सहा दिवस काय करतो ते कुणी बघत नव्हतं, कारण पाच दिवस सगळे कामावर आणि रविवारी बाहेर.

छपराची हकीकत २००८च्या उन्हाळ्यातली. काकांनी स्वतः सीटवर बसून डोक्याच्या वर चार बोटं मोजली आणि छप्पर चार इंच कापून खाली आणलं. वेल्डिंग असं, की सांधा शोधून दाखवा. पार्ट्सच्या दुकानातला माणूस मुद्दाम बघायला आला आणि टोपी काढून उभा राहिला. मग काकांनी काकूंना हाक मारली. काकू आल्या, शेजारच्या सीटवर बसल्या, आणि त्यांचा अंबाडा छपराला टेकला. मान आपोआप खाली गेली.

काकू तशाच बसून राहिल्या, गुडघ्यांकडे बघत. म्हणाल्या, "मी काय नवरी आहे, मान खाली घालून बसायला?"

"अंबाडा जरा खाली बांध ना," काका म्हणाले.

मी तिथे हजर होते. चुकीचं वाक्य तोंडातून बाहेर पडून हवेत लटकताना मी पुष्कळ सभांमध्ये बघितलंय, पण इतकं स्वच्छ कधीच नाही. काकू गाडीतून उतरल्या. त्या दिवशी कोर्लेकरांकडे वरण-भात झाला. दुसऱ्या दिवशी वरण-भात. तिसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमधून परत कापायचा आवाज यायला लागला. काकांनी छप्पर दोन इंच पुन्हा वर चढवलं. पार्ट्सवाला हळहळला. "रूबेन, कापलेलं छप्पर जगात कुणी परत चढवत नाही," असं तो इंग्रजीत तीनदा म्हणाला. काका म्हणाले, "तुझ्या बायकोने अंबाडा घालायला सुरुवात केली की ये, आपण बोलू." एवढं सांगून हा विषय मी संपवते, पण ते दोन इंच लक्षात ठेवा. हॉट रॉडच्या हिशेबाने ती चूक आहे. माझ्या हिशेबाने कॅनडातली ती एकमेव न्याय्य दुरुस्ती आहे.

आता साथीदार. २००९मध्ये मी युनिव्हर्सिटी संपवून घरी परतले ती सोबत दोन गोष्टी घेऊन: एक डिग्री आणि कुठल्याही अन्यायावर चार तासांत दोन पानी पत्रक काढायची हातोटी. त्याच सुमारास बोर्डाचं पहिलं पत्र आलं, की आपल्या ड्राइव्हवेवर बंद पडलेलं वाहन आहे, ते हलवावे. काकांनी ते पत्र पान्हे पुसायला घेतलं. मी ते त्यांच्या हातातून ओढलं. "काका, याला उत्तर द्यायला हवं!" ते म्हणाले, "इंजिन बसलं की देईन ना उत्तर. मोठ्याने देईन." पण मला कुठला धीर! मी त्यांना न विचारता पत्रक काढलं. मथळा: 'हे वाहन आहे, कचरा नव्हे!' खाली चार कलमं, ज्येष्ठ नागरिकांचे हक्क, छंदाचं स्वातंत्र्य, आणि पहिल्या पानावर मोठ्ठा फोटो. बॉनेट उघडं, बाजूला पांढऱ्या सदऱ्यात काका. चौऱ्याऐंशी टपालपेट्यांमध्ये मी ते स्वतःच्या हाताने टाकलं. पुढच्या सभेच्या इतिवृत्ताला बोर्डाने माझं पत्रक पुरावा म्हणून जोडलं. फोटोत बॉनेटखाली इंजिन नव्हतं. नुसता खड्डा होता, आरपार जमीन दिसत होती. मी ते बघितलंच नव्हतं, कारण मी काकांच्या चेहऱ्यावरचा स्वाभिमान बघत होते.

काकांनी चष्मा लावून ते पत्रक पूर्ण वाचलं. "फोटो छान आलाय गो, पुढारी," ते म्हणाले. "सदरा पण कडक दिसतोय. फक्त गाडीत इंजिन नाही." त्या दिवसापासून मी पुढारी. माझं नाव त्यांनी परत कधी घेतलं नाही.

माझ्या पुराव्याच्या जोरावर बोर्डाने ठराव केला: वाहन स्वतःच्या इंजिनावर चालून दाखवावे, नाहीतर ओढून नेण्यात येईल. तपासणीचा वार शनिवार, दहा ते बारा, 'रहिवाशांच्या सोयीसाठी'. काकांनी सुवाच्य अक्षरात लिहून कळवलं, की शनिवार आमचा शब्बाथ, त्या दिवशी आम्ही आग पेटवत नाही आणि इंजिन सुरू करणं म्हणजे आग पेटवणंच, तर रविवार द्यावा, नाहीतर सोमवार ते शुक्रवार कुठलाही वार द्यावा, पहाटे पाचला बोलावलंत तरी येतो. उत्तर आलं, की तपासणी शनिवारीच होते. हे मी अगदी थंडपणे लिहिते आहे. लिहिताना मी दोनदा खुर्चीवरून उठले.

आणि ऐका, गाडी तयार होती! तपासणीच्या आधीच्या बुधवारी आठ सिलिंडरचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. काकूंनी त्यासाठी मलिदा केला होता. बेने इस्राएलांकडे नवस फेडायला, शुभ काम झालं की आभार मानायला, एलियाहूच्या नावाने मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, वर फळं. ताट गाडीच्या हौद्याच्या फळीवर ठेवलं होतं. काकांनी हिब्रूतली प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी आमेन म्हटलं आणि त्यांनी किल्ली फिरवली. आमच्या स्वयंपाकघरातली भांडी वाजली. मलिद्यातला एक द्राक्षाचा घड चालत चालत फळीच्या टोकाला गेला आणि खाली पडला. काका नुसते बॉनेटवर तळहात ठेवून उभे राहिले, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. काकू म्हणाल्या, "आता एकदा मला तळ्याकाठी फिरवून आणा, की सुटले मी." काका म्हणाले, "शनिवारचं ते झालं, की रविवारी."

शनिवारी दहा वाजून चाळीस मिनिटांनी क्लिपबोर्ड घेऊन एक माणूस आला. सभ्य होता. असली कामं करायला सभ्य माणसंच पाठवतात. "सर, प्लीज स्टार्ट द व्हेइकल."

"टुमॉरो," काका म्हणाले.

"आय ओन्ली कम सॅटरडेज, सर."

"अँड आय ओन्ली डोन्ट स्टार्ट सॅटरडेज."

दोघेही आपापल्या जागी ठाम. मागे टो ट्रक येऊन उभा राहिला. मी काकांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "काका, मी कुठे यहुदी आहे? मी फिरवते किल्ली!" ते म्हणाले, "तुला फिरव म्हणणं म्हणजे मीच फिरवल्यासारखं." "पण तुम्ही म्हणूच नका ना काही!" यावर त्यांनी खरंच काही म्हटलं नाही. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. काकू म्हणाल्या, "माझं लक्ष नाही," आणि डोळे फाडून बघत राहिल्या. मी घरात धावले, दारामागच्या खिळ्यावर किल्ली असते तिथून ती घेतली, गाडीत उडी मारली, आणि फिरवली.

इथे नोंद करते, की मला गिअरची गाडी चालवता येत नाही. मी इथे वाढले. माझा डावा पाय गाडीत निव्वळ प्रवासी असतो. गाडी शुक्रवारीच ड्राइव्हवेवर, नाक रस्त्याकडे करून, पहिल्या गिअरमध्ये उभी करून ठेवली होती, उतारावर सरकू नये म्हणून. ती गरजली, वाघासारखी झेपावली, रिसायकलिंगचा निळा डबा पार चेपून त्यावर चढली आणि बंद पडली. भिंतीकडे तोंड केलेल्या काकांच्या तोंडून एकच शब्द निसटला, "क्लच!" आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात मारला. क्लिपबोर्डवाल्याने पेन काढलं आणि लिहिलं. तपासणीचं ते पत्र माझ्याकडे आहे: 'वाहन अंदाजे अकरा फूट हलले. चालकाच्या ताब्यात नव्हते. डब्यामुळे थांबले.'

तर साथीदार मी. दोन्ही वेळा. आधी पत्रकाने, मग पायाने.

टो ट्रकचा हूक लागला तेव्हा काका पायरीवर बसले होते. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते, आपलेच हात आपल्याविरुद्ध बंड करतील अशी भीती असल्यासारखे. साखळी चुकीच्या जागी लावली जात होती, पुढचा आस वाकला असता, आणि ते त्यांना पाच हातांवरून दिसत होतं. ते उठले, ट्रकवाल्याजवळ गेले आणि हात पाठीमागे बांधून, हनुवटीने त्याला योग्य जागा दाखवली. गाडी गेली. मी रडत होते, ओरडत होते, बहुतेक घोषणा पण दिल्या. काका म्हणाले, "पुढारी, बस जरा. चहा घे. आज शनवार आहे."

रविवारी सकाळी बाबांच्या गाडीतून आम्ही चौघं ओढून नेलेल्या गाड्यांच्या यार्डावर गेलो. काकांनी फाटकातल्या माणसाला आपलं लायसन्स दाखवलं, गाडीभोवती एक फेरी मारली, टायर दाबून बघितले आणि काकूंसाठी दार उघडून धरलं. काकू बसल्या. मान ताठ. अंबाडा छपराखाली बरोब्बर. पहिल्याच फटक्यात इंजिन सुरू झालं, यार्डातले कुत्रे एकदम गप्प झाले, आणि ज्वाळांची ती बुटकी गाडी फाटकातून बाहेर पडली. आम्ही मागून. सिग्नलला लोक काचा खाली करून अंगठे दाखवत होते. वळताना काका इंडिकेटर असूनही खिडकीतून पूर्ण हात बाहेर काढत होते, पेणच्या स्टँडमधून बस काढावी तसे. घरचा रस्ता डावीकडे होता. ते उजवीकडे वळले, तळ्याकडे. बाबा म्हणाले, "हे कुठे निघाले?" मी म्हटलं, "वचन पाळायला."

तळ्याकाठी मी त्यांना म्हटलं, की काका, आपण बोर्डावर दावा ठोकू या, माफी मागायला लावू या. काका हौद्याच्या फळीवर बसून काकूंनी डब्यातून आणलेला मलिदा खात होते. "कशाला? त्यांनी ओढून नेली म्हणून तर चालवत आणायला मिळाली. नाहीतर मी अजून महिनाभर पॉलिशच करत बसलो असतो." मला हे मुळीच पटलं नाही. अजूनही पटलेलं नाही. बोर्डाने तपासणीचं ते पत्र आजतागायत मागे घेतलेलं नाही, आणि माफी मागितलेली नाही, हे इथे छापून यायलाच हवं.

घरी परतल्यावर काकूंनी उतरायला दार उघडलं आणि काकांचं वर लक्ष गेलं. छपराचं आतलं अस्तर त्यांनी स्वतः शिवलेलं होतं, फिक्या साईच्या रंगाचं, सहा आठवडे खपून. शेजारच्या सीटच्या बरोबर वर, खोबरेल तेलाचा एक गोल डाग पडला होता. खड्ड्यांनी अंबाडा वर आपटला होता. दोन इंच चढवूनही जराशी कसर राहिलीच होती.  टपालवाल्याने बॉनेटवर बोट ठेवलं म्हणून या माणसाने त्याला फडकं दिलं होतं पुसायला. त्यांनी डागाकडे बघितलं, मग काकूंकडे. "राहू दे," ते म्हणाले. "गाडी कुणाची ते कळायला हवं."

पुढच्या दोन वर्षांत तो डाग वाढत गेला. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेलं मीठ धुऊन गेलं की एप्रिलमध्ये कव्हर निघायचं, आणि पहिल्या बर्फापर्यंत दर रविवारी तळ्याकाठी फेरी. शिव्हाचे, म्हणजे सुतकाचे, सात दिवस सरल्यावर मी काकूंबरोबर गाडीत जाऊन बसले, तेव्हा तो डाग बशीएवढा झालेला होता.  काकूंनी पाठ ताठ करून मान उंचावली, आणि अंबाडा बरोबर त्या डागावर जाऊन बसला, किल्ली कुलपात बसावी तसा...

त्याच आठवड्यात बोर्डाचं पत्र आलं. गेलेल्या माणसाच्या नावाने. वाहन एका जागी उभे असल्याचे निदर्शनास आले आहे, दर तीस दिवसांत एकदा ते स्वतःच्या इंजिनावर चालवून दाखवावे, नाहीतर हलवण्यात येईल. काकूंना गाडी येत नाही. व्हँकूव्हरला असलेल्या त्यांच्या मुलीचं म्हणणं, "मॉम, जस्ट सेल इट." काकूंनी तिला एवढंच सांगितलं, की फ्रीझर हलणार नाही आणि गाडीही हलणार नाही, म्हणजे हलणार, पण इथूनच. मी क्लच शिकते आहे. बाबांनी तीनदा नवा निळा डबा आणलाय. पण दिवस संपत आले, आणि पत्रक काढून ही गाडी वाचत नाही हे मला पुराव्यानिशी माहीत आहे.

म्हणून हा लेख श्रद्धांजली समजून घडी घालून ठेवून देऊ नका. हा तुमच्यासाठी आहे, ओकव्हिलच्या, मिसिसागाच्या, एटोबिकोच्या काका-मामांनो आणि मावश्यांनो. तुम्ही पुण्यात, नाशकात, नागपुरात क्लचवर वाढलात आणि इथे येऊन ऑटोमॅटिक झालात. तुमचा डावा पाय अजून विसरलेला नाही. मला महिन्याला फक्त एक माणूस हवाय. यायचं, दारामागच्या खिळ्यावरची किल्ली घ्यायची, काकूंसाठी दार उघडून धरायचं, आणि त्यांना तळ्याकाठी नेऊन परत आणायचं. वळताना हात बाहेर काढायचा. छपराच्या डागाला फडकं लावायचं नाही.

या. आणि शनिवारी येऊ नका.